संगीताचा पहिला पॉडकास्ट : ऐकणाऱ्यासाठी बोलणे

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस

• संगीतविषयक पॉडकास्टचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• वाचण्यासाठी लिहिलेली मराठी आणि ऐकण्यासाठी लिहिलेली मराठी यांतील फरक ओळखता येईल.
• भजनाचे ध्वनिमुद्रण करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.
• गाण्याचे शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्कांत भेद करता येईल.
• बारा मिनिटांच्या पहिल्या भागाचा आराखडा तयार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पंढरपुरात चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्या भरतात. परंतु तेथील भजन वारीपुरते नसते. मठांतून हरिपाठ चालतो, पहाटे काकड्याची भजने होतात, एकादशीला जागर होतो. या गायनातील अभंग गाथांमध्ये छापलेले आहेत. चाली मात्र बहुतांशी कोठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या कानात, अशाच त्या आजवर चालत आल्या आहेत. एखादे जुने बुवा गेले आणि त्यांची चाल कोणी उचललेली नसली, तर अभंग गाथेत राहतो, चाल त्यांच्याबरोबर जाते.

आज बहुतेकांच्या खिशातील मोबाईलवर ध्वनिमुद्रण करता येते. त्यामुळे अशी चाल टिपून ठेवणे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते पुढचे काम. नुसते टिपलेले भजन अनोळखी माणसाने का ऐकावे, कसे ऐकावे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. हे सांगण्याचे एक सुलभ साधन म्हणून पॉडकास्टचा विचार आपण या घटकात करणार आहोत. उदाहरणे पंढरपूरच्या भजनाची घेतली आहेत. आपल्या गावात लावणी, पोवाडा, गोंधळ वा लग्नगीते असतील, तर तेथेही हीच पद्धत लागू पडेल.

२. पॉडकास्ट म्हणजे काय?

इंटरनेटवरून क्रमाक्रमाने प्रसिद्ध होणारी आणि श्रोत्याला आपल्या सवडीने ऐकता येणारी श्राव्य मालिका म्हणजे पॉडकास्ट. ‘आयपॉड’ हे उपकरण आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रसारण, या दोहोंच्या जोडणीतून हा शब्द तयार झाला. इंग्रज पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रातील लेखात तो वापरला. पुढे आयपॉड मागे पडला, शब्द टिकला.

साधन नवे असले, तरी ‘संगीताची श्राव्य मालिका’ ही कल्पना मराठी श्रोत्यांना नवी नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी ‘गीतरामायणा’चा प्रारंभ झाला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ५६ गीते आठवड्याला एक याप्रमाणे सुमारे वर्षभर प्रसारित झाली. नवशिक्याला या मालिकेतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे एका भागात एकच गीत. दुसरी म्हणजे ठरलेला वार. विषय रामायणाएवढा विस्तीर्ण असूनही प्रत्येक भागाचा आवाका लहान होता, म्हणून श्रोत्याला तो पेलला.

आकाशवाणी आणि पॉडकास्ट यांत एक फरक मात्र लक्षात ठेवावा. आकाशवाणीचा कार्यक्रम घरात अनेकजण एकत्र ऐकत. पॉडकास्ट बहुधा एकटा माणूस ऐकतो. एसटीत बसून, भाकऱ्या थापताना, रात्रपाळीत जागताना. आपण सभेला उद्देशून बोलत नसून एका माणसाच्या कानाशी बोलत आहोत, ही जाणीव निवेदकाच्या भाषेत उतरली पाहिजे.

३. विषय लहान करणे

‘वारकरी संगीत’ हा पॉडकास्टच्या पहिल्या भागाचा विषय होऊ शकत नाही; तो ग्रंथाचा विषय आहे. ‘आमच्या आळीतील मंडळ हरिपाठ कसा म्हणते’ हा विषय होऊ शकतो. ‘एकाच अभंगाच्या दोन चाली’ हा त्याहून चांगला, कारण त्यात तुलना आहे आणि तुलनेने कान जागा होतो. ‘पखवाजाला कणीक का लावतात’ एवढ्या लहान प्रश्नावरही एक उत्तम भाग तयार होईल. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक लावली की त्याचा आवाज खाली उतरतो व भरदार होतो. आधी कोरडा, मग कणीक लावलेला, असे दोन्ही आवाज ऐकवले, तर हे वाक्य उच्चारण्याचीही गरज उरत नाही.

विषयाची कसोटी सोपी आहे : आपणांस जे सांगावयाचे आहे ते ऐकवता येते का? येत नसेल, तर तो लेखाचा विषय आहे, पॉडकास्टचा नव्हे.

४. कानाला एक खूण

या घटकाचे मुख्य सूत्र असे : संगीताच्या पॉडकास्टमध्ये निवेदकाने श्रोत्याच्या कानाला एक खूण द्यावी आणि बाजूला व्हावे. गाण्यापूर्वी संतांचे चरित्र, अभंगाचा भावार्थ, रागाचे नाव आणि गायकाची परंपरा हे सारे सांगितले, तर श्रोता गाणे सुरू होण्याआधीच थकतो. त्याऐवजी ऐकण्याजोगी एकच गोष्ट सांगावी. ती हेरण्यासाठी निवेदकाने स्वतः तेच ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकलेले असले पाहिजे.

भाषेच्या विद्यार्थ्याला अशी एक खूण सहज सापडते. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटी असलेला ‘अ’ आपण सहसा उच्चारत नाही. ‘विठ्ठल’ या शब्दात लिहिताना तीन अक्षरे आहेत. बोलताना मात्र ‘विठ्-ठल्’ असे दोनच अवयव उच्चारले जातात. ‘पंढरपूर’ लिहिताना पाच अक्षरी आहे. बोलताना ‘पं-ढर्-पूर्’ असे तीन अवयव होतात. आता अभंगाची रचना आठवा. मोठ्या अभंगाच्या चरणात चार खंड असतात; पहिल्या तीन खंडांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन खंड. ही मोजणी लिहिलेल्या अक्षरांची आहे. त्यामुळे बोलताना गिळलेला ‘अ’ गाताना पुष्कळदा पुन्हा उघडतो आणि त्यावर स्वर ठरतो.

आता निवेदकाला एवढेच म्हणता येईल : “बुवा ‘विठ्ठल’ म्हणतील तेव्हा शेवटच्या ‘ल’कडे कान द्या. आपण तो बोलताना तोडतो. बुवा तो तोडत नाहीत.” नंतर गप्प राहावे. श्रोता संपूर्ण अभंग त्या ‘ल’ची वाट पाहत ऐकेल, आणि त्याची वाट पाहता पाहता टाळ, पखवाज, मागून साथ धरणारे आवाज हे सारे त्याच्या कानी पडेल. एक खूण दिल्याने बाकीचे हरवत नाही. उलट एका धाग्याला धरून ते ऐकू येते.

५. संहिता : वाचण्याची मराठी, ऐकण्याची मराठी

पदवीच्या अभ्यासक्रमात आपण निबंध व उत्तरे लिहिण्याचा सराव करता. ती भाषा पॉडकास्टला जशीच्या तशी चालत नाही. पुढील दोन नमुने मोठ्याने वाचून पाहा.

(अ) “सदर भजनी मंडळाद्वारे सादर केल्या जाणाऱ्या अभंगगायनामध्ये वीणावादनाचे स्थान अनन्यसाधारण स्वरूपाचे असल्याचे निदर्शनास येते.”

(आ) “आधी फक्त वीणा ऐकू येईल. तिच्यावर कुणी गात नाही, कुणी टाळ धरत नाही. सगळे त्या एका सुराची वाट बघतायत.”

पहिल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण क्रियापद येईपर्यंत श्रोत्याला बारा शब्द मनात धरून ठेवावे लागतात. वाचक डोळा मागे नेऊ शकतो. भाकरी थापणारी बाई मोबाईलला पिठाचा हात लावत नाही. दुसऱ्या नमुन्यात वाक्ये लहान आहेत, प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट आहे, आणि ती ऐकू येण्याच्या क्रमाने सांगितली आहे.

संहिता लिहिताना पुढील गोष्टी पाळाव्यात. ‘करणे, सांगितले, गाणे’ ही लिखित रूपे उच्चारताना ‘करणं, सांगितलं, गाणं’ अशी होतात. संहितेत ती उच्चाराप्रमाणेच लिहावीत, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. ‘सदर, उपरोक्त, द्वारे’ हे कचेरीतील शब्द टाळावेत. ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘तो जात आहे’ यातील ‘जात’ आणि ‘जातपात’ यातील ‘जात’ मोठ्याने म्हणून पाहा. अनोळखी नावांत असा घोटाळा होण्याचा संभव असेल, तेथे संहितेत खूण करून ठेवावी. संथपणे वाचल्यास मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. आपला वेग घड्याळ लावून मोजावा आणि संहिता त्या मापाने कापावी.

येथे एका संकोचाविषयी बोलणे आवश्यक आहे. आपल्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, आपले मराठी ‘शुद्ध’ नाही, या समजुतीने अनेक प्रौढ विद्यार्थी माईकसमोर परका आवाज काढतात. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने बोली म्हणजे प्रमाणभाषेचे बिघडलेले रूप नव्हे. ती स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे. निवेदन समजेल असे असावे, एवढीच अट. आणि मुलाखत देणाऱ्या बुवांचे बोलणे तर कधीच ‘सुधारू’ नये. त्यांची चाल जशी टिपावयाची, तशीच त्यांची बोलीही.

६. ध्वनिमुद्रण

पहिल्या भागासाठी मोबाईल आणि शक्य झाल्यास एक साधा कॉलर माईक पुरतो. खर्चापेक्षा जागेची निवड महत्त्वाची. निवेदन लहान खोलीत करावे. पंखा बंद, खिडकी बंद, आजूबाजूला गोधड्या वा कपडे असलेले कपाट. मऊ कापड आवाजाचा घुमारा शोषून घेते. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धक्का माईकवर आदळत नाही.

भजनाचे ध्वनिमुद्रण यापेक्षा वेगळे आहे. टाळांचा आवाज तीक्ष्ण व उंच, पखवाजाचा खोल आणि गळ्याचा या दोहोंच्या मधला असतो. मोबाईल मंडळाच्या मधोमध ठेवला, तर जवळचा टाळ बाकी सर्वांना झाकून टाकतो व आवाज फाटतो. एकदा फाटलेला आवाज नंतर नीट करता येत नाही. म्हणून मोबाईल आठ-दहा फूट दूर, गाणाऱ्यांच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर ठेवावा. आवाजाची पातळी कमीच ठेवावी; हळू आवाज पुढे वाढवता येतो. अनेक मोबाईलमध्ये गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय असते. ती बंद करावी, कारण वीणेचा अखंड सूर यंत्राला गोंगाट वाटतो आणि ते तो पुसून टाकते. वाद्ये लावून झाल्यावर अर्धा मिनिट चाचणी घेऊन ती कानाला लावून ऐकावी, मगच खरे ध्वनिमुद्रण सुरू करावे.

आषाढीच्या दिवसांत वाळवंटात आणि रस्त्यांवर ध्वनिक्षेपकांचे आवाज एकमेकांत मिसळतात. त्या गर्दीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा वातावरणासाठी जरूर टिपावा. पण मुख्य गायन वारी ओसरल्यावर, मठातील शांत संध्याकाळी घ्यावे. मंदिराच्या आवारात काही टिपावयाचे असल्यास मंदिर समितीचे नियम आधी विचारावेत.

७. हक्क, संमती आणि श्रेय

‘अभंग तर सर्वांचेच आहेत, त्याला परवानगी कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तरासाठी गाण्याचे थर वेगळे करावे लागतात.

पहिला थर शब्दांचा. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तुकोबांचे निर्याण १६५० मधील; त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही.

दुसरा थर चालीचा. परंपरेने आलेल्या चालीला एक कर्ता नसतो. पण श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकाराने संतांच्या अभंगाला नवी चाल दिली असेल, तर ती चाल ही त्यांची स्वतंत्र निर्मिती आहे. खळे यांचे निधन २०११ मध्ये झाले. म्हणजे त्यांच्या चालींवरील हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत राहतो. शब्द मुक्त, चाल मुक्त नाही, अशी ही स्थिती.

तिसरा थर ध्वनिमुद्रणाचा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर त्याच्या निर्मात्याचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. ‘तीस सेकंदांपर्यंत वाजवले तर चालते’ हा समज पुष्कळांत आढळतो. कायद्यात सेकंदांची अशी मर्यादा नाही. समीक्षेसाठी वाजवी उपयोगास कायदा वाव देतो, पण वाजवी किती हे प्रत्येक प्रसंगावर ठरते. म्हणून नवशिक्याने बाजारातील ध्वनिमुद्रण पार्श्वभूमीलाही वापरू नये. आपल्या गावातील गायन आपणच टिपावे; पॉडकास्टचे वेगळेपणही त्यातच आहे.

चौथा थर गाणाऱ्याचा. गायक-वादकांना त्यांच्या प्रयोगावर कायद्याने ५० वर्षांचा हक्क दिला आहे. कायद्यापलीकडेही एक मर्यादा आहे. पुष्कळ वारकऱ्यांच्या लेखी भजन हा कार्यक्रम नसून सेवा असते. म्हणून मोबाईल सुरू करण्यापूर्वी मोकळेपणाने विचारावे : “बुवा, आपली ही चाल टिपून घेऊ का? ती इंटरनेटवर जाईल, कोणीही ऐकू शकेल. आपलं नाव आणि गाव सांगितलं तर चालेल ना? ऐकून झाल्यावर नको वाटलं, तर काढून टाकू.” त्यांचा होकार ध्वनिमुद्रित करून वा लिहून घ्यावा. नकार आला, तर नमस्कार करून मोबाईल खिशात ठेवावा.

श्रेयाचे महत्त्व जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनावरून ध्यानात येईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (पारी) या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. विठ्ठल आणि पंढरपूर यांवरील ओव्या त्यांत विपुल आहेत. तेथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले असते. एरवी ‘लोकगीत’ या एका शब्दाखाली ही नावे पुसली गेली असती. आपल्या पॉडकास्टमध्येही ‘स्थानिक मंडळाचे भजन’ असे मोघम न म्हणता वीणेकरी, गायक, पखवाजवादक आणि टाळकरी यांची नावे घ्यावीत.

८. संपादन आणि प्रसारण

संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ हे संगणकावरील विनामूल्य साधन पुरेसे आहे. बारा मिनिटांच्या पहिल्या भागाचा आराखडा असा ठेवता येईल : आरंभी अर्धा मिनिट भजनाचा तुकडा, एक मिनिट विषयाचा परिचय, तीन मिनिटे बुवांचे बोलणे, अर्धा मिनिट कानाची खूण, पाच मिनिटे अखंड अभंग, दीड मिनिट ऐकलेल्याविषयी थोडेसे, शेवटी अर्धा मिनिट श्रेय. अभंग सुरू असताना मध्येच बोलू नये. तो संपल्यावर दोन-तीन सेकंद शांतता ठेवावी. निवेदन आणि गायन यांची पातळी जुळवावी, नाहीतर श्रोत्याला दर मिनिटाला आवाज वाढवावा-घटवावा लागतो.

तयार झालेला भाग १२८ केबीपीएस दराने ‘एमपी३’ स्वरूपात साठवला, तर मिनिटाला जवळपास एक एमबी जागा लागते. बारा मिनिटांचा भाग बारा एमबीच्या आत बसतो. मोजून डेटा वापरणाऱ्या श्रोत्यासाठी हे महत्त्वाचे आहे. ही फाईल पॉडकास्ट साठवणाऱ्या सेवेवर चढवली की ती सेवा एक ‘फीड’ तयार करते, आणि निरनिराळी ॲप त्या फीडवरून नवा भाग श्रोत्यापर्यंत पोहोचवतात. मालिकेसाठी चौकोनी मुखचित्र लागते. ३००० × ३००० पिक्सेल हे माप सर्वत्र चालते. पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी पुढचे दोन तयार ठेवावेत, म्हणजे नोकरी, घर आणि परीक्षा सांभाळूनही ठरलेला वार चुकत नाही.

पहिला श्रोता मात्र ॲपवरचा नसावा. तयार भाग आधी बुवांना आणि मंडळाला ऐकवावा. चुकलेले नाव, उलटा सांगितलेला अर्थ, चालीचा चुकीचा उगम हे दोष तेथेच सापडतात.

सारांश

संगीताचा पॉडकास्ट ही ऐकण्यासाठी रचलेली मालिका आहे. पहिल्या भागाचा विषय लहान व ऐकवण्याजोगा असावा. निवेदकाने श्रोत्याला एक खूण द्यावी आणि गाण्याला जागा करून द्यावी. संहितेची वाक्ये उच्चाराच्या जवळची असावीत; बोलीचा संकोच बाळगू नये. ध्वनिमुद्रणात साधनापेक्षा जागा व अंतर महत्त्वाचे. शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि गायन या चार थरांचे हक्क वेगळे आहेत. संमती व श्रेय यांशिवाय पॉडकास्ट पूर्ण होत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. तुकोबांच्या अभंगाला आजच्या संगीतकाराने दिलेली चाल परवानगीशिवाय का वापरता येत नाही?
२. वीणेचा सूर टिपताना मोबाईलमधील गोंगाट कमी करण्याची सोय का बंद करावी?
३. ‘चंद्रभागा वाळवंट’ या शब्दजोडीत लिहिताना किती अक्षरे आहेत? बोलताना किती अवयव होतात? फरक कशामुळे पडतो?

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील एका गाणाऱ्या व्यक्तीकडून, तिची संमती घेऊन, छापील पुस्तकात न सापडणारी एक चाल ध्वनिमुद्रित करा. ती किमान पाच वेळा ऐका. त्यातून कानाची एक खूण निवडा व शंभर शब्दांची संहिता लिहा. संहिता गाणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेले बदल स्वतंत्र नोंदवून दोन्ही मसुदे अभ्यासकेंद्रावर सादर करा.